उजवा कौल

भांडुप,
८ जानेवारी

सुयोग,

गणपतीनंतर मी तुला एक अक्षरही लिहिलेलं नाही आणि एवढ्यात लिहिणारही नव्हते. पण बाबा आज सकाळी गावी गेले. मला सांगितलं, जत्रेला जातो. जत्रेला अजून भरपूर अवकाश आहे. शेजारच्या काकूंना मात्र जाताना खरं सांगून गेले की देवळात कौल लावायचा आहे, अनूने ती अंधेरीची नोकरी धरावी की नाही म्हणून.

आता मला सांग, बाबांना ही नोकरी कुठून कळली? मी त्यांना बोलले नव्हते, तुलाही नाही. बोलले होते फक्त श्वेताशी. श्वेता माझी मैत्रीण आहे हे लक्षात राहतं आणि ती आता तुझी बायको आहे हे मी दर वेळी विसरते. ती तुला बोलली आणि तू लगेच बाबांना फोन लावलास. बरोबर ना? हे व्हॉट्सॲपवरच विचारलं असतं, पण तिथे तू प्रश्नालासुद्धा अंगठा दाखवतोस. म्हणून मेल लिहितेय.

गणपतीतलं मी विसरलेले नाही. आरतीनंतर काका गाऱ्हाणं घालत होते, पाऊसपाण्याचं झालं, त्यांच्या मुकुलच्या लग्नाचं झालं, प्रत्येक मागण्यावर सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणत होते. इथपर्यंत ठीक. मग बाबांनी काकांना थांबवलं आणि स्वतः मागितलं, 'माझा चेडू घरात बसान आसा, तेका खयतरी पर्मनंट चिकटव रे म्हाराजा!' आणि अख्खी भावकी ओरडली, 'व्हय म्हाराजा!' त्यात सगळ्यात मोठा आवाज तुझा होता. डब्लिनहून खास त्यासाठीच आला होतास की काय! आणि चाळिशीला टेकलेली, तीन कंपन्यांचं सॉफ्टवेअर एकटीने सांभाळणारी तुझी बहीण तिथे मोदकांचं ताट धरून उभी होती.

अरे, मी घरून काम करते. हे या इमारतीत एकालाही पटत नाही. सगळ्या मजल्यांची पार्सलं माझ्याकडे येतात, प्लंबर आला की टाकी मीच दाखवायची, कारण अनुपमा घरीच असते. परवा मुलुंडच्या डायलिसिस सेंटरचं वेळापत्रक अडकलं होतं. कुठल्या पेशंटला कुठलं मशीन हेच दिसेना, माणसं बाहेर खोळंबली होती, तिथली मॅनेजर क्षमा माझ्या कानाशी फोनवर, आणि दारात तिसऱ्या मजल्यावरचे काका. 'अगं, आमचं वायफाय बघ ना जरा, तुला काय, मोकळीच आहेस.'

तर, ती नोकरी मी घेणार नाहीये. विचारसुद्धा करत नाहीये. ऑफिस मरोळला आहे, घाटकोपरहून मेट्रो पडते, दोन दिवस घरून काम, विम्यात बाबाही येतात आणि हाताखाली पाच-सहा जण. पण विचार करत नाहीये.

बाबांना फोन कर आणि कौलाबिलाच्या आधी परत पाठव. लावालावी तू केली आहेस, निस्तरायचंही तूच.

ताई


भांडुप,
१३ जानेवारी

सुयोग,

उत्तर मिळालं. 'ताई, जरा प्रॅक्टिकल हो. बाबांचं वय बघ.' एवढंच? माझं पत्र केवढं होतं!

बाबांचं वय मी रोज बघते. तू व्हिडिओवर बघतोस, तेही कपाळाच्या वरचं, कारण त्यांना फोन नीट धरता येत नाही. तिथे बसून उंटावरून शेळ्या हाकू नकोस.

आणि बाबांना कंत्राटाची एवढी धास्ती का, हे तू मला शिकवू नकोस. गिरणीतल्या गोष्टी संध्याकाळी मी ऐकते, तू नाही. कितीतरी वर्षं ते बदली कामगार होते. कायमचा माणूस आला नाही तरच त्याच्या जागी बदलीवाल्याला काम. रोज पाळीच्या वेळी गेटवर उभं राहायचं, जॉबर बोट दाखवील तो आत, बाकीचे परत. परत आलं तरी सरळ खोलीवर जायचं नाही, आजीला कळेल म्हणून डबा कुठल्यातरी बागेत बसून संपवायचा आणि संध्याकाळी दमल्याचं तोंड करून घरी. मग एकदाचे पर्मनंट झाले, आणि दोन वर्षांत संप. गिरणी गेली ती गेलीच. पुढे इथे भांडुपच्या कारखान्यात वॉचमन, तेही कंत्राटदाराकडून. 'कॉन्ट्रॅक्ट' म्हटलं की या माणसाला गेट दिसतं. मला हे कळतं रे. कळतं म्हणूनच जास्त वैताग येतो. नुसते हेकट असते तर भांडून मोकळी झाले असते.

म्हणूनच पुन्हा बजावते. माझ्या आधीच्या नोकरीचं तुला जे माहीत आहे ते बाबांना कळता कामा नये. त्यांना वाटतं, अनूने चांगल्या पर्मनंट नोकरीला लाथ मारली आणि घरी आली. तेच वाटू दे. मला काढलं हे कळलं तर पर्मनंटवरचा त्यांचा विश्वास जाईल, आणि त्या जागी ठेवायला माझ्याकडे दुसरं काही नाही.

काल मरोळला जाऊन आले. नाही म्हणायचं तर तोंडावर म्हणावं, म्हणून गेले. चैतन्य म्हणून त्यांचा प्रमुख आहे, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी तरी लहान. त्यांचं थोडं काम मी कंत्राटावर करतेच, ते त्याला आवडलंय, म्हणून ही ऑफर. मुलगा तसा बरा आहे. पण म्हणाला, 'मॅडम, आम्ही इथे एका फॅमिलीसारखे आहोत.' मी म्हटलं, 'फॅमिली मला आहे, ती पुरेशी झालीय. कामाचं बोल.' कामाचं म्हणजे, त्यांच्याकडे रुजू व्हायचं तर बाकी सगळ्यांची कामं सोडायची. मुलुंडचंही. ते सॉफ्टवेअर मी पहिल्या ओळीपासून लिहिलंय, सुयोग. क्षमाकडे दुसरं कोणी नाही. मी चैतन्यला विचारलं, तेवढं एक ठेवलं तर? तो म्हणाला, पॉलिसीत बसत नाही.

नाही म्हणायला गेले होते, पण म्हटलं नाही. शनिवारपर्यंत कळवते म्हणाले. का, ते मला विचारू नकोस.

एवढं लिहून झालं आणि बाबांचा फोन आला. कौल लागला. आयरिश पाण्याने विसरला असशील म्हणून सांगते, गुरव देवाच्या मूर्तीवर ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि प्रश्न विचारतो. उजवीकडची पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. 'उजवो पडलो गो बाय!' बाबा ओरडत होते. 'पयल्या झटक्यात उजवो! आता मागे-फुडे बघू नको.' वाडीभर सांगून झालंय म्हणे. गावच्या दुकानातून पेढेसुद्धा वाटले.

मी कौल मानत नाही, तुला माहीतच आहे. पाकळी ओली असते तोवर चिकटते आणि वाळली की पडते.

ताई


भांडुप,
१८ जानेवारी

सुयोग,

घोडं गंगेत न्हालं. काल चैतन्यला होय कळवलं. दोन फेब्रुवारीला रुजू व्हायचं आहे.

अभिनंदन करू नकोस. श्वेतालाही सांग, ते फुग्यांचं चित्र पाठवू नकोस म्हणावं. आणि 'बघ, मी म्हणत नव्हतो' असं लिहिलंस तर पुढची दहा वर्षं बोलणार नाही.

कौलासाठी होय म्हटलेलं नाही. बाबांच्या आवाजासाठी म्हटलं. फोनवर ते हसत होते रे. आई गेल्यापासून त्यांना असं हसताना मी ऐकलं नव्हतं. त्या हसण्याला मी काय सांगणार होते, की देवाचं चुकलं?

आणि मी दमलेय, हेही खरं आहे. एक काम संपायच्या आत दुसरं शोधायचं. ताप आला तरी लॅपटॉप उशाशी. दर नव्या माणसाला पहिल्यापासून पटवायचं की मला काम येतं. पर्मनंटवाल्याला हे एकदाच पटवायचं असतं, मग तो वर्षभर मीटिंगमध्ये झोपला तरी चालतं. तू असा झोपतोस असं मी म्हणत नाहीये. श्वेता म्हणते.

क्षमाला फोनवर सांगणं बरं दिसलं नसतं, म्हणून मुलुंडला गेले. भांडली असती तर बरं झालं असतं. तिने चहा मागवला, 'छान झालं गं, सुट्ट्या तरी मिळतील तुला' म्हणाली. आम्ही बिस्किटं खाल्ली. मग निघताना तिने विचारलं, 'पण पहाटेची पाळी अडकली तर मी फोन कोणाला करू?' मी म्हटलं, 'शोधून देते कोणीतरी.' शोधतेय. एकाने आधी विचारलं, कंपनी केवढी आहे? दुसरा म्हणाला, हे सगळं फेकून नव्याने लिहावं लागेल. फेकून म्हणे! तोंडातून शिवी येत होती, गिळली.

बाबा जत्रा करून येतील. मुकुल पोचवायला येतोय. बाबांनी फोन मात्र केला नाही परत. मी केला तर 'बरा आसा, बरा आसा' म्हणून ठेवून देतात. जत्रेच्या गडबडीत असतील.

ताई


भांडुप,
२५ जानेवारी

सुयोग,

हे पत्र बसून वाच. श्वेता शेजारी असली तरी चालेल, नाहीतरी तिला कळणारच.

काल बाबा आणि मुकुल आले. दोन पोती नारळ, कोकमं, कुळथाचं पीठ. सामान दणक्यात आणि बाबा एवढेसे झालेले. मी नोकरीचं बोलायला लागले तर म्हणाले, गुडघा दुखतो. आज रविवार म्हणून मी सुरमई आणली, तर अर्धी तुकडी ताटात टाकून उठले आणि दाढी करायला सलूनमध्ये गेले. बाबांनी सुरमई टाकली! मी मुकुलला विचारलं, 'गावी काही झालं का रे?'

मुकुलने आधी काटे काढले, मग मान खाली घालून म्हणाला, 'ताई, कौल डावो पडलो.'

'काय?'

'डावो. गुरवान परत लावल्यान. परत डावो. तिसऱ्यांदा लावूक तो तयार नाय झालो. काका उठले आणि भायर जावन तुका फोन लावल्यानी, उजवो म्हणान. आमी सगळे बघत रवलव.'

पेढेबिढेही कोणाला वाटलेच नव्हते. पुढचं ऐक. जत्रेला बाबा देवळात गेले नाहीत. बाहेर, चपला काढतात तिथे उभे होते. पालखी आली तेव्हा सगळे पुढे धावले आणि बाबा पाठ फिरवून उभे राहिले. कोणी विचारलं तर म्हणायचे, गर्दी सोसवत नाही.

मला आधी हसू फुटलं. देवाला विचारल्याशिवाय ज्याने कधी नवा पंखा घेतला नाही, तो माणूस देवाच्या नावावर ठोकून देतो! मग असा संताप आला, सुयोग, की मी ताटावरून उठलेच. या एका फोनवर मी होय म्हटलं होतं. क्षमाला वाऱ्यावर सोडून आले होते. माझं पाच वर्षांचं काम एका फेकून देणाऱ्याच्या हातात द्यायला निघाले होते.

बाबा गुळगुळीत दाढी करून आले. मी दारातच विचारलं, 'बाबा, कौल उजवा पडला होता?'

बाबांनी मुकुलकडे बघितलं. मुकुल पाणी प्यायला स्वयंपाकघरात पळाला.

'गुरवाचो हात कापता आताशा,' बाबा म्हणाले.

'बाबा.'

'डावो पडलो.'

'मग मला खोटं का सांगितलंत? तेही देवाच्या नावाने?'

'देव कधी गेटार उभो रवलो नाय!' बाबा ओरडले. अख्ख्या मजल्याने ऐकलं असेल. 'तेका काय कळतला? तो आपलो गाभाऱ्यात बसान आसा, पर्मनंट! मी उभो रवलंय. माका म्हायत आसा. म्हातारपणी तू तशी उभी रवलंस तर मी बघूक नसतलंय, म्हणान सांगलंय खोटा. पाप लागला तर माका लागांदी.'

यावर गप्प बसायला हवं होतं. तू गप्प बसला असतास. पण माझ्या तोंडाला कुलूप नाही. इतके दिवस जे तुझ्याकडून दडवून घेत होते, ते मीच ओरडून सांगितलं. 'मी पर्मनंटच होते, बाबा! मी नोकरी सोडली नव्हती, मला काढलं! पर्मनंट असताना काढलं!'

बाबा सोफ्याच्या हातावर टेकले.

'कधी?'

'तेव्हाच. सकाळी लॅपटॉप उघडला तर पासवर्ड चालेना. मग एका मुलीचा फोन आला. तिने कागद वाचल्यासारखं वाचून दाखवलं आणि ठेवून दिला.'

'तू मगे गेटार गेलंस?'

'गेट नव्हतंच बाबा. तेव्हा सगळे घरून काम करत होतो. मी या टेबलावर होते.'

'आनी मी खय होतंय?'

'तुम्ही इथेच होता. पेपर वाचत होता. मला चहा हवा का म्हणून विचारलंत.'

'तू काय सांगलंस?'

'हो म्हटलं. तुम्ही केलात, मी प्यायले.'

मला वाटलं आता विश्वास मोडला, आता हा माणूस आजारी पडणार आणि त्याला कारण मी. मग ते हळूच म्हणाले, 'आमी शंबर जण आसू गेटार. काम नाय गावला तरी येकमेकाची तोंडा दिसत. कोण तरी बिडी देय, कोण शिवी घाली जॉबराक. तुका तर गेट पण नाय गावला गो बाय.'

मी रडले. हे तुला सांगायची काही गरज नव्हती, पण सांगते. काढलं त्या दिवशी रडले नव्हते, ते आज रडले. मुकुल स्वयंपाकघरात उभ्या-उभ्या सगळं पाणी पिऊन संपवत होता.

ताई


भांडुप,
३० जानेवारी

सुयोग,

तुझा फोन मी मुद्दाम घेतला नाही. तू काय बोलणार होतास ते मला माहीत होतं, आणि आधी मला स्वतःचं ठरवायचं होतं. ठरवलं.

चैतन्यला नाही सांगितलं. तो चिडला, आणि त्याचं काही चुकलं नाही. होय म्हणून नंतर फिरलेल्या माणसावर मीही चिडले असते. कंत्राटावरचं जे काम मी त्यांचं करत होते तेही आता माझ्याकडे राहणार नाही, हे त्याने नीट शब्दांत सांगितलं. म्हणजे तेलही गेलं, तूपही गेलं. तू म्हणायच्या आधी मीच म्हणते. आता नवीन काम शोधायला हवं, आणि ते मिळेपर्यंत मी काही सुखाने झोपणार नाहीये.

देवाने नाही सांगितलं म्हणून मी नाही म्हटलं, असं गावभर पसरवू नकोस. मी होय म्हटलं ते बाबांची भीती जावी म्हणून. ती गेली का? उलट हा माणूस जन्मात पहिल्यांदा देवळाबाहेर उभा राहिला. त्या नोकरीने त्यांना सुख नाही, मला नाही आणि क्षमाची तर वाट लागली असती. मग ती करायची कोणासाठी? तुझ्यासाठी?

क्षमाला फोन करून म्हटलं, पहाटेचा फोन मलाच कर. ती म्हणाली, 'मी दुसरं कोणी बघितलंच नव्हतं गं.' बघ, म्हणजे तीही देवावर हवाला ठेवून बसली होती. कशी माणसं पदरी पडलीत माझ्या!

देवाचं काय ते शिमग्याला जाऊन बाबा बघणार आहेत. मुकुलने गुरवाला विचारून ठेवलंय. गुरव म्हणाला, देव समजून घेईल, मी मात्र घेणार नाही.

चैतन्यशी बोलत होते तेव्हा बाबा समोरच बसले होते. फोन ठेवल्यावर मी म्हटलं, 'बोला आता.' ते म्हणाले, 'मी काय बोलतलंय? मी देवाचा आयकलंय नाय, तू माझा कित्याक आयकशीत?' मग म्हणाले, 'माका भिती वाटता गो.'

'मलाही वाटते, बाबा.'

'मगे करतंस कित्याक ह्या?'

सुयोग, या प्रश्नाचं उत्तर मी गणपतीपासून घोकत होते. बाजार कसा बदललाय, पर्मनंट म्हणजे तरी काय राहिलंय, तुझ्यासारख्यांच्या नोकऱ्यांचाही कसा भरवसा नाही, सगळं मुद्देसूद. त्यातलं काहीच तोंडात आलं नाही. 'मला हे काम आवडतं' एवढंच म्हणाले.

बाबांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी काही भलतंच बोलले. म्हणाले, 'माका कधी आवडला नाय गिरणीत. आवाजान कान गेले. कापूस नाकात, तोंडात. पण काम आवडूचा आसता, ह्या माका कोणी सांगूकच नाय.'

अरे, आपण दोघं लहानपणापासून गिरणीच्या गोष्टी ऐकत आलो. गेट, जॉबर, संप, दोस्त, सगळं. त्यांना ते काम आवडायचं नाही, हे त्यांनी तुला कधी सांगितलं होतं? मला नाही. आणि मी कधी विचारलंही नाही.

'तुका खराच आवडता?' त्यांनी परत विचारलं.

'खरंच.'

मग उठले, जेवणाच्या टेबलाची दुसरी खुर्ची ओढून माझ्या शेजारी आणून ठेवली, चष्मा पुसला आणि म्हणाले, 'दाखव तर. काय करतंस ता.'

तर ते आत्ता इथे बसलेत. क्षमाच्या सेंटरचं वेळापत्रक उघडून दाखवतेय. त्यांना काडीचं कळत नाहीये. दर ओळीला 'ह्या काय?' विचारतायत आणि बोट लावून-लावून स्क्रीन तेलकट केलाय. हे पत्रसुद्धा मी मधूनमधून लिहितेय, आणि ते विचारतायत की हे कुठलं मशीन. माझं डोकं उठलंय. रविवारी फोन कर, सल्ला नको, नुसता फोन कर. आता बस करते, कारण त्यांना पहाटेची पाळी बघायची आहे आणि ते थांबायला तयार नाहीत.

ताई